‘भूक’ आणि ‘खा-खा’

मुरबाडच्या भातपट्ट्यातही मराठीभाषकाला ‘भूक लागते’, परंतु ‘खा-खा सुटते’. ‘लागणे’ व ‘सुटणे’ हा भेद सार्थ होय: भूक शरीराची, खा-खा बहुधा मनाच्या अस्वस्थतेची. ध्यानाने वजन आपोआप घटत नाही. हा भेद ओळखण्याइतकी सावधता मात्र येऊ शकते. तृप्तीची जाणीव होण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. भराभर जेवणारा तोवर पुन्हा भात वाढून घेतो. (पूर्वीच्या पंक्तीत चित्राहुतींमुळे पहिल्या घासापूर्वी विराम पडे.) सावकाश, लक्षपूर्वक जेवण्याच्या सवयीने अनावर खाण्याचे प्रसंग कमी होतात, असे प्रयोगांत आढळले आहे, वजनातील घट माफकच. अर्थात हा विचार बाजारपेठेतील बैठ्या व्यावसायिकापुरता. त्याच तालुक्यातील कातकरी वाड्यांवर बालकांचे कुपोषण अद्याप सरलेले नाही. तेथे मिताहाराचा उपदेश अप्रस्तुत ठरेल.