तारप्याकडे पाठ

नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला निघावे किंवा त्र्यंबक रस्ता धरावा. वस्ती विरळ होऊन द्राक्षबागा दिसू लागल्या, की मिसळीच्या हॉटेलांच्या भिंतीही एका रंगात येऊ लागतात. गेरूसारखा तांबडा थर, त्यावर पांढऱ्या रेघांची माणसे. कोणी फेर धरते आहे, कोणी विहिरीचे पाणी शेंदते आहे, कोणी ताडावर चढते आहे. आवारात एखादी बैलगाडी, खाटा, टांगलेले कंदील. आत चूल, बाहेर रविवारी सकाळी पुकारली जाणारी वेटिंगची नावे. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, दही, पापड आणि शेवटी गुळाची जिलेबी झाली, की फोटोची वेळ येते आणि अख्खे कुटुंब भिंतीकडे पाठ करून उभे राहते.

एकदा त्या भिंतीकडे तोंड करून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

धंद्याच्या भिंतीवरचे चित्र फुकटचे नसते. कोणीतरी पैसे मोजून ते काढून घेतलेले असते. आपले गिऱ्हाईक कोण आणि त्याला काय पाहायला आवडेल, याचा मालकाने बांधलेला अंदाज त्या रंगाखाली असतो. सगळ्या भिंती एका ओळीने पाहिल्या, तर शहराला स्वतःबद्दल काय आठवायचे आहे तेही कळते. नाशिकच्या भिंतींबद्दल माझे म्हणणे असे आहे, की गिऱ्हाइकाला काय हवे ते त्यांनी बरोबर ओळखले आहे, पण स्वतःच्या शहराकडे त्यांनी अजून नीट पाहिलेले नाही. हा दोष रंगाऱ्याचा नाही. त्याला जे सांगितले जाते ते तो काढतो.

भिंतीवर व्यवहार मांडण्याची नाशिकची सवय फार जुनी आहे. पांडवलेण्यांत, ज्यांना त्रिरश्मी लेणी असेही म्हणतात, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने 3000 कार्षापणे गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आजच्या भाषेत मुदत ठेवीची पावतीच, पण दगडात कोरलेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. तिथल्याच चैत्यगृहाच्या दारावर धंभिक गावाचे दान नोंदले आहे आणि ते देणारे म्हणून नाशिककरांचे नाव आहे. गावाने मिळून दर्शनी भिंतीवर स्वतःचे नाव घातल्याचा याहून जुना पुरावा या शहरात मला माहीत नाही.

काळाने त्याच्या फार दूर नसलेले एक उदाहरण इटलीतले. पोम्पेई शहर इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तिथले गरम खाणे विकणारे एक दुकान 2020 मध्ये पूर्णपणे उकरून झाले. त्याच्या ओट्याच्या दर्शनी बाजूवर उलटी टांगलेली बदके आहेत, कोंबडा आहे, गळ्यात पट्टा असलेला कुत्रा आहे. ओट्यात बसवलेल्या रांजणांत अन्नाचे अवशेष सापडले आणि त्यात बदकाचे हाड निघाले. बाहेर जे रंगवले होते ते आत शिजत होते. खाणावळीच्या भिंतीची इतकी सरळ, प्रामाणिक रीत मला फार आवडते.

आपल्याकडे ही रीत अगदी परवापर्यंत होती. फ्लेक्स येण्यापूर्वी सलूनच्या काचेवर केसांचे वळण दाखवणारे चेहरे असत, तालमीच्या भिंतीवर पर्वत उचललेला मारुती, टायरवाल्याच्या पत्र्यावर टायर. मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या गावांतल्या घरांच्या बाजूच्या भिंती पाइप, बियाणे, सिमेंट आणि पशुखाद्याच्या जाहिरातींनी रंगलेल्या असत. पेंटर सुतळी झटकून ओळी पाडायचा, खडूने अक्षरांची जागा ठरवायचा, चेहरा काढायचा असेल तर फोटोवर आणि भिंतीवर सारख्या चौकटी आखून तो मोठा करायचा. ऑइल पेंटने अक्षर भरले, की एका बाजूने त्याला सावली द्यायची आणि सगळे झाल्यावर उजव्या कोपऱ्यात, बोटभर अक्षरांत, स्वतःचे नाव आणि गाव. त्या कोपऱ्यातल्या सहीकडे मी पुन्हा येणार आहे.

देवादिकांची चित्रे हा या कामाचा मोठा भाग होता आणि आजही आहे. पंचवटीत रामकुंडाच्या आसपासच्या खाणावळी, लॉज, पूजासाहित्याची दुकाने यांच्या भिंतींवर पर्णकुटी, सोन्याचे हरिण, राम-लक्ष्मण-सीता येणारच. त्या देवांचे चेहरे मात्र दूरच्या वाटेने आले आहेत. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला आणि तिथून निघालेल्या रंगीत चित्रांनी घरोघरच्या देवांना एक चेहरा दिला. पुढे त्याच छापखान्यासाठी काम केलेला, 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेला एक माणूस ते चेहरे पडद्यावर हलवू लागला. दादासाहेब फाळके यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, त्यानंतर आपला चित्रधंदा नाशिकला आणला आणि 1944 मध्ये ते नाशिकलाच वारले. पंचवटीतल्या खाणावळीच्या भिंतीवरची सीता अशी छापखान्यातून, पडद्यावरून, कॅलेंडरवरून उतरत आली आहे. तिला पाहताना हा प्रवास आठवला, तर ती भिंत स्वस्त वाटत नाही.

आता वारली. नाशिकच्या भिंतींवर हिचेच राज्य असल्याने इथे थोडे थांबायला हवे.

वारली चित्र मुळात लग्नघरचे. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी बुडवून, सुवासिनी चौक काढतात. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत विधी चालवते. चौकाच्या मधोमध पालघट देवी. तिच्यासोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी. जवळच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पंचशिर्या देव. शेत, शिकार, नाच, झाडे हे सगळे या चौकाच्या बाहेरचे जग. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला बाहेरच्या जगापुढे आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे रोजच्या जगण्याची चित्रे कागदावर काढू लागले आणि बायकांच्या हातातल्या विधीला पुरुषाच्या हातून दुसरी वाट फुटली. म्हशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले.

हॉटेलांनी उचलली ती ही दुसरी वाट. चौक सोडून दिला आणि चौकाबाहेरचे जग घेतले. मला हे योग्यच वाटते. पालघट ही लग्नघरातली देवी आहे, तिच्यासमोर रश्श्याचे शिंतोडे उडावेत असे कोणालाच वाटणार नाही. अडचण वेगळी आहे. चौकाबाहेरचे जे जग घेतले, तेही पुष्कळदा न पाहता घेतले आहे.

याची एक साधी परीक्षा टेबलावर बसल्या बसल्या करता येते. फेरातला वादक शोधावा. त्याच्या हातातला तारपा भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा बनतो. मध्ये भोपळ्याचा फुगवटा आणि पुढे ताडपानांचा लांब कर्णा. ज्याने तो पाहिला आहे, त्याच्या चित्रात हा फुगवटा हमखास येतो. ज्याने पाहिलेला नाही, त्याच्या चित्रात तारप्याची सनई होते. मग रांग पाहावी. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून वादकाभोवती वळसे घेतात, वादक वळला की रांग वळते आणि तारप्याकडे पाठ कोणीच करत नाही. म्हणून जाणकाराच्या चित्रात रांग गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत जाते आणि तिचे शेपूट मोकळे राहते. नवख्याच्या चित्रात मात्र दोन्ही टोके जोडून बांगडी केलेली असते आणि वादक कधी बाहेर राहिलेला असतो. तिसरी खूण रेघेची. काडीची रेघ पीठ संपत आले की बारीक होते, पुन्हा बुडवली की जाड होते. ब्रशची एकसारखी. आणि चिकटवलेला छापील कागद असेल, तर तोच माणूस, तोच वाकडा पाय, दर चार हातांवर पुन्हा भेटतो.

ही परीक्षा कोणाला नापास करण्यासाठी नाही. नाशिकमध्ये उत्तम वारली भिंतीही आहेत. जिथे फुगवटा आणि मोकळे शेपूट दिसले, तिथे मी मुद्दाम विचारतो आणि रंगवणारा आदिवासी पाड्यावरून आला होता असे पुष्कळदा कळते. नाव मात्र काउंटरवरच्या माणसाला ठाऊक नसते.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या नाशिकच्याच तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी राहतात. तिथल्या बोहाड्यात देव-दैत्यांचे रंगीत मुखवटे रात्रभर नाचतात. डोंगरदेवाच्या उत्सवात पावरी वाजते. शहरातल्या हॉटेलांना हे काही दिसलेले नाही. आदिवासी म्हणजे वारली आणि वारली म्हणजे तांबड्यावर पांढरे, इथेच बाजाराची समजूत थांबली. बोहाड्याच्या एका मुखवट्याने अख्खी भिंत पेलली असती.

शहरातल्या गोष्टींचेही तेच. रंगपंचमीला नाशिकमध्ये रहाडी उघडतात. पेशवाईपासूनचे हे जमिनीतले हौद वर्षभर बुजवलेले असतात. त्या एका दिवशी उकरून त्यात रंगाचे पाणी भरतात आणि माणसे त्यात उड्या घेतात. रंग जमिनीखाली जपून ठेवणारे शहर, आणि त्याच्या भिंतींवर रहाड नाही! धुळवडीला दाजीबा वीर बाशिंग बांधून निघतो, घराघरांतले लोक टाक घेऊन वीर नाचवत गोदाघाटावर जातात. तोही भिंतीवर नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून शिफ्ट सुटल्यावर याच हॉटेलांत बसणारा कामगार नाही. द्राक्षांचे घड सगळीकडे आहेत, पण छाटणीला आलेल्या मजुराचा हात कुठे नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा प्रवेश सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांनी उभा केलेला आणि दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलेला तो लढा पुढे काही वर्षे टिकला. वस्त्यांमधल्या भिंतींवर बाबासाहेब आहेत, धंद्याच्या भिंतींवर मी त्यांना क्वचितच पाहतो. मालकाच्या मनात गिऱ्हाईक तुटेल अशी भीती असावी. ती भीतीही भिंत वाचणाऱ्याने वाचायची असते.

गिऱ्हाइकाला त्याचेच शहर दाखवले तर ते रुसत नाही, याला मुंबईत भक्कम दाखला आहे. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंती मारिओ मिरांडा यांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. एका भिंतीवर मुंबईचे जगणे, दुसरीवर त्या कॅफेतलेच वातावरण. तिथे बसलेला माणूस मान वर करतो तेव्हा त्याला स्वतःसारखीच माणसे दिसतात, आणि ती पाहायला लोक मुद्दाम येतात. मेक्सिकोत पुल्के नावाचे पेय विकणाऱ्या गुत्त्यांच्या भिंती रंगवण्याची जुनी परंपरा होती. दिएगो रिव्हेरासारख्या मोठ्या चित्रकाराने तिची बाजू घेतली आणि 1943 मध्ये फ्रिडा काहलोने आपल्या विद्यार्थ्यांकडून ‘ला रोसिता’ नावाचा असा एक गुत्ता रंगवून घेतला. देशातल्या नामवंत चित्रकाराला गल्लीतल्या गुत्त्याची भिंत कमी प्रतीची वाटली नाही, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते. फाळक्यांचे भव्य भित्तिचित्रही 2014 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर रंगले, रणजित दहिया यांच्या पुढाकाराने. फाळक्यांच्या स्वतःच्या गावात, मेन रोडवर किंवा शालिमारला, त्या तोडीची भिंत अजून व्हायची आहे.

चित्रकार इथे कमी नाहीत. गोदाघाट जलरंगात आयुष्यभर रंगवणारे शिवाजी तुपे याच शहरातले. कलाशिक्षण घेऊन बाहेर पडणारी मुले दरवर्षी काम शोधतात. पण हॉटेलाचे इंटीरियर ठेक्याने जाते, ठेकेदार भिंत चौरस फुटाने देतो आणि चौरस फुटाने काम करणाऱ्याला बोहाडा पाहायला पेठला जाऊन राहणे परवडत नाही. मोबाइलवर सापडेल ते चित्र तो मोठे करतो. दर वाढवण्याइतकीच गरज आहे ती कामाआधी चार दिवस देण्याची, आणि काम झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या सहीची. जुन्या पेंटरला कोणी सांगावे लागत नव्हते, तो आपले नाव आणि गाव घालूनच उतरायचा. वारली भिंतीखाली चित्रकाराचे नाव, पाडा आणि वर्ष एवढे तीन शब्द आले, तर पुढच्या हॉटेलवाल्याला थेट त्याच्याकडे जाता येईल आणि मधली कडी गळेल.

2026-27 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराला पुन्हा रंग चढणार. 2015 च्या सिंहस्थातही भिंती रंगल्या होत्या, पण चुना उन्हात फिका पडतो आणि नाशिकचा पाऊस उरलेले काम करतो. स्वयंपाकघराच्या धुराजवळची भिंत त्याआधीच काळवंडते. म्हणजे बहुतेक दुकानदारांना रंगारी बोलवावाच लागेल. त्यांनी आपापल्या दारातून सुरुवात करावी. शनि चौकातल्या उपाहारगृहाने रहाड काढावी. सातपूरच्या मिसळवाल्याने डबा घेऊन सायकलवर निघालेला फिटर काढावा. येवल्याच्या पैठणीवाल्याने नुसता मोर न काढता मागावर बसलेली बाईही काढावी. आणि भांडी बाजारातल्या दुकानाला तांबड्या भिंतीवरच्या फेराची गरज नाही. त्याला तांबट हवा, ऐरणीवर पातेले आडवे धरून ठोके घालणारा, आणि खाली तो ज्याने काढला त्याची सही.