विद्यार्थी-परवान्याचे दान

बुरोंडीहून दापोलीस शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम संपल्यावर आपले पुस्तक धाकट्या सोबत्यास दिले, तर ते विद्यादानच होय. परंतु विद्यार्थी-सवलतीत घेतलेले सॉफ्टवेअरही तसेच देता येईल, हा समज सहसा चुकीचा ठरतो. कारण पुस्तकाच्या प्रतीवर आपली मालकी असते, सॉफ्टवेअरचा मात्र बहुधा व्यक्तिगत परवानाच मिळतो, आणि करारनाम्यात हस्तांतरास मनाई असल्यास मोबदला न घेतल्याने ती टळत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये, बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैदेची व दंडाची तरतूद आहे. म्हणून करारनामा आधी वाचावा. आणि द्यावयाचेच असेल, तर ज्याच्या परवान्यातच वाटपाची मुभा आहे, असे लिबरऑफिससारखे मुक्त सॉफ्टवेअर निःशंक मनाने द्यावे.