पाझरलेली चरबी

मेंदूच्या पेशी वेगळ्या करायच्या दिवशी प्रयोगशाळेत गप्पा कमीच होतात. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूचा बाह्यस्तर बारीक चिरून पपेनमध्ये ठेवलेला असतो. पपईच्या चिकातलं हे विकर. कच्ची पपई लावली की मटण लवकर शिजतं ते याच्यामुळेच. इथं ते पेशींना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं तोडतं.

मग पॅनिंग. डिशच्या तळाला अँटिबॉडीचा थर दिलेला असतो. पेशींचा गढूळ द्राव डिशमध्ये ओतायचा, थोडा वेळ थांबायचं, हलकेच हलवायचं आणि जे चिकटलं नाही ते पुढच्या डिशमध्ये घ्यायचं. एका डिशला मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या संरक्षक पेशी, चिकटून राहतात; दुसरीला चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी. तांदळातले खडे वेचावेत तसं नको ते आधी काढत जायचं. शेवटच्या डिशला हवी ती पेशी धरते: अ‍ॅस्ट्रोसाइट, चेतापेशींना सांभाळणारी.

एवढा खटाटोप का, तर सीरम टाळण्यासाठी. 1980 पासूनची रूढ पद्धत या पेशी सीरममध्ये वाढवण्याची होती. निरोगी मेंदूत रक्तातलं सीरम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. ते लागलं की पेशी पसरट होतात आणि जखमी मेंदूतल्यासारख्या वागू लागतात. मग दाहानं कोणता बदल घडवला हे ओळखायचं कसं? स्टॅनफर्डमधल्या बेन बॅरेस यांच्या गटानं 2011 मध्ये सीरमशिवाय या पेशी जगवून दाखवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या बारीक फांद्या दिसतात आणि पुढचे सगळे प्रयोग या शांत पेशींवरच उभे आहेत.

त्याच प्रयोगशाळेतल्या शेन लिडेलो यांनी 2017 मध्ये दाखवलं की दाहात मायक्रोग्लिया तीन रेणू सोडतात: आयएल-1 अल्फा, टीएनएफ आणि सी1क्यू. हे तिन्ही घालून अ‍ॅस्ट्रोसाइट 24 तास ठेवायच्या. मग त्यांच्यावरचं पोषक माध्यम उचलायचं, गाळणीच्या नळीत फिरवून घट्ट करायचं आणि ऑलिगोडेंड्रोसाइटवर घालायचं. जिवंत पेशी हिरव्या आणि मेलेल्या लाल दिसाव्यात असे रंग असतात. फांद्या आखडतात, पेशी गोल होते, आणि दुसऱ्या दिवशी हिरव्याच्या जागी लाल ठिपके. तिथं कुठलाही जंतू नसतो. सांभाळणाऱ्या पेशीनंच सोडलेल्या द्रवानं हे घडवलेलं असतं, आणि कितीदा पाहिलं तरी मला ते अस्वस्थ करतं.

मारणारा पदार्थ कोणता? एखादं प्रथिन असेल, असंच वाटणं साहजिक होतं. माध्यम टप्प्याटप्प्यानं शुद्ध करत गेल्यावर हाती आले ते एपीओई आणि एपीओजे या प्रथिनांचे चरबीवाहू कण. केव्हिन गुटेनप्लान, लिडेलो आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की विष त्या कणांतल्या लांब साखळीच्या संपृक्त चरबीत आहे. ही चरबी बनवणारं एलोव्हल1 हे विकर फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमधून काढलं तेव्हा मारकपणा कमी झाला. डिशमध्ये झाला आणि चेतातंतूंना इजा केलेल्या उंदरांतही झाला. हे छापून आलं तेव्हा बॅरेस हयात नव्हते. डिसेंबर 2017 मध्ये ते गेले.

माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग पॅनिंगचाच आहे. पेशी आधीच बिथरलेल्या असत्या, तर या चरबीचा माग लागला नसता.

एलोव्हल1 बंद करणारं औषध काढलं की झालं, असं मात्र नाही. हे विकर संपूर्ण शरीरातून काढलेली उंदराची पिल्लं जन्मल्यावर थोड्याच वेळात मरतात, कारण त्यांच्या त्वचेत पाणी टिकत नाही. आणि ताटातल्या तुपाचा इथं प्रश्नच नाही. या प्रयोगांत चरबी पेशीनं स्वतः बनवलेली आहे, बाहेरून कुणी खाऊ घातलेली नाही. तेव्हा या शोधाचा दाखला देऊन कुणी ‘मेंदूचं तेल’ विकायला आलं, तर घेऊ नका.