एकदिश चलित्राचे सूक्ष्मनियंत्रकाद्वारे नियंत्रण

एकाच दिशेने वाहणाऱ्या विद्युत् प्रवाहावर चालणाऱ्या चलित्राचा (मोटरीचा) वेग व फिरण्याची दिशा सूक्ष्मनियंत्रकाच्या (प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदानाची व्यवस्था एकाच चिपवर असलेल्या संकलित मंडलाच्या) साहाय्याने ठरविण्याची पद्धती. इटलीतील इव्ह्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पाच्या फलकांमुळे ती हौशी लोकांच्या आवाक्यात आली.

सूक्ष्मनियंत्रक आज्ञा देतो, शक्ती पुरवीत नाही. आर्डुइनो उनो फलकावरील एटीमेगा ३२८पी या चिपच्या एका अग्रातून ४० मिलिअँपिअर ही प्रवाहाची कमाल मर्यादा असून व्यवहारात २० मिलिअँपिअरपुढे जात नाहीत. चलित्राची गरज याहून पुष्कळच जास्त असते. चलित्र फिरू लागले म्हणजे त्याच्या गुंडाळीत पुरवठ्याला विरोध करणारा विद्युत् दाब निर्माण होतो व प्रवाह आटोक्यात राहतो. उदा., ६ व्होल्टवर चालणाऱ्या व २ ओहम रोधाच्या चलित्रात विरोधी दाब ५.४ व्होल्ट असताना प्रवाह ०.३ अँपिअर असतो. मात्र सुरुवातीच्या क्षणी किंवा चाक अडकल्यास विरोधी दाब शून्य असल्याने तो ३ अँपिअर होतो. नवशिक्यांची मंडले जळतात ती बहुधा या दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष झाल्याने.

म्हणून मध्ये ट्रँझिस्टर घालतात व चलित्रास वेगळा पुरवठा देतात. मात्र दोन्ही पुरवठ्यांची ऋण अग्रे जोडलेली असावी लागतात. प्रवाह एकाएकी तोडल्यास गुंडाळीच्या प्रवर्तकत्वामुळे मोठा विद्युत् दाब उसळून ट्रँझिस्टर निकामी होऊ शकतो. त्यास वाट देण्यासाठी चलित्राशी समांतर, पुरवठ्याच्या उलट दिशेने डायोड जोडतात. चार पैशांचा हा घटक वगळणे महागात पडते.

वेग बदलण्यासाठी पुरवठा अतिजलद चालू-बंद करून चालू राहण्याचा काळ कमीजास्त करतात. उनो फलकावर हे प्रमाण ० ते २५५ या अंकांनी सांगितले जाते. १२ व्होल्ट पुरवठ्यावर १२८ या अंकास सरासरी दाब सु. ६ व्होल्ट मिळतो. स्पंदांची कंप्रता सामान्यतः सु. ४९० हर्ट्झ (५ व ६ क्रमांकांच्या अग्रांवर सु. ९८० हर्ट्झ) असल्याने चलित्रातून गुणगुण ऐकू येते. अंक फार लहान असल्यास घर्षणामुळे चलित्र हलतच नाही; अशा वेळी क्षणभर पूर्ण दाब देऊन मग तो उतरवितात.

दिशा उलटविण्यासाठी इंग्रजी एच अक्षराच्या आकारात जोडलेले चार स्विच वापरतात. एकाच बाजूचे दोन्ही स्विच एकदम चालू झाल्यास पुरवठा लघुमंडलित होतो. एल२९३डी या संकलित मंडलात डायोड अंतर्भूत असतात, पण सतत प्रवाह ०.६ अँपिअरच मिळतो. एल२९८ मधून २ अँपिअर मिळत असले, तरी डायोड बाहेरून जोडावे लागतात व १ अँपिअरला सु. २ व्होल्ट दाब त्यातच खर्च होतो. ६ व्होल्टच्या चलित्रास हे नुकसान परवडत नाही. तेथे क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टरांचा सेतू श्रेयस्कर ठरतो.

कुंचांच्या ठिणग्यांमुळे सूक्ष्मनियंत्रक मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असल्यास चलित्राच्या अग्रांवर ०.१ मायक्रोफॅराडचे धारित्र जोडतात. भार वाढला की वेग उतरतो, हा दोष मात्र आज्ञेचा अंक अचूक असूनही राहतो. तो घालविण्यासाठी आसावर फेरे मोजणारा संवेदक बसवून त्याच्या मापानुसार अंक सतत बदलावा लागतो.