सनद एकाची, पदवी दुसऱ्याची

श्रीरामपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नगर जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं गाव उभं राहतं. मी सांगतोय ते श्रीरामपूर बंगालमधलं. हुगळीच्या पश्चिम काठावरचं, समोर बराकपूरची छावणी. इंग्रजांनी नावाचं ‘सेरामपूर’ केलं, पण गाव काही त्यांचं नव्हतं. १८४५ पर्यंत तिथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. कंपनी सरकारला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, म्हणून विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी १८०० साली या डॅनिश गावात बिऱ्हाड थाटलं. कॅरी मूळचा चांभारकाम करणारा, मार्शमन शाळामास्तर, वॉर्ड छापखान्यातला माणूस. १८१८ साली या तिघांनी कॉलेज काढलं.

मिशनऱ्यांचं कॉलेज म्हणजे बाटवण्याचा कारखाना, असा आपल्याकडचा जुना समज. तो अगदीच बिनबुडाचा नाही. धर्मप्रसार हेच ध्येय होतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. पण कॉलेजच्या पहिल्याच जाहीरनाम्यात लिहिलं होतं की ख्रिस्ती आणि इतरही तरुणांना इथे पूर्वेकडचं वाङ्मय आणि युरोपातली शास्त्रं शिकवली जातील. सुरुवातीच्या ३७ विद्यार्थ्यांत ख्रिस्ती होते १९. पुढे नियमच झाला की जात, रंग किंवा देश यावरून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. त्या काळच्या कलकत्त्यातल्या हिंदू कॉलेजात वरच्या घरच्या हिंदू मुलांनाच प्रवेश असे, हे लक्षात घेतलं की या एका कलमाचं वजन कळतं.

मला त्याहून मोठी वाटते ती भाषेची गोष्ट. शिकवायचं बंगालीतून, जोडीला संस्कृत. इंग्रजी नंतर, आणि तीही निवडक मुलांना. आता रसायनशास्त्र बंगालीतून शिकवायचं तर शब्द कुठून आणायचे? १८२१ साली आलेल्या जॉन मॅक या स्कॉटिश प्राध्यापकापुढे हाच पेच होता. कॅरीचा मुलगा फेलिक्स याने शरीरशास्त्रावर बंगालीत लिहिताना संस्कृतातून शब्द घडवले होते. मॅकने उलटी वाट धरली. युरोपातले शब्दच बंगाली लिपीत उतरवायचे, फार तर आगेमागे थोडी डागडुजी करायची. त्याचं ‘किमियाविद्यार सार’ १८३४ साली निघालं. ‘प्राणवायू’ की ‘ऑक्सिजन’ यावर आपण अजूनही हमरीतुमरीवर येतो. त्या भांडणाच्या दोन्ही बाजू श्रीरामपुरात दोनशे वर्षांपूर्वी पुस्तकरूपाने छापून झाल्या होत्या.

मराठी वाचकाचं तर या गावाशी घरचं नातं आहे. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृतच्या बरोबरीने मराठीही शिकवायचा. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत. मोडीचे खिळे पाडून घेऊन छापलेले! १८१४ ची ‘सिंहासन बत्तिशी’ त्याच छापखान्यातली. छापील मराठी गद्याचा पाळणा असा पुण्या-मुंबईपासून शेकडो कोस दूर हलला.

कॉलेजातला शास्त्राचा वर्ग बाहेरही भरत असे. कॅरीची पाचेक एकरांची बाग होती. एकदा विलायतेहून बियाण्यांची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर त्याने ती रिकामी पिशवी सावलीतल्या एका कोपऱ्यात झटकली, कदाचित मातीत काही अडकलं असेल म्हणून. काही दिवसांनी तिथे डेझीचं रोपटं उगवलं; इंग्लंडच्या गवतात पावलापावलाला दिसणारं फूल. कॅरीला कोण आनंद झाला! पुढे तो दरवर्षी त्याचं बी धरून पेरत राहिला, कारण बंगालच्या उन्हाळ्यात ते रोप टिकत नसे. १८२३ च्या पुराने ही बागही नासली. कॅरी तेव्हा साठीत होता, तरी त्याने ती पुन्हा उभी केली.

त्याच वर्षी वॉर्ड पटकीने गेला. १८२६ मध्ये मार्शमन कोपनहेगनला पोचला आणि २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजा सहावा फ्रेडरिक याने कॉलेजला सनद दिली: कोपनहेगन आणि कील या आपल्या विद्यापीठांप्रमाणे पदव्या देण्याचा अधिकार. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं निघायला अजून तीस वर्षं होती.

आणि या अधिकाराचं केलं काय? काहीच नाही. मायदेशातल्या मिशनरी संस्थेशी फारकत झाली, कलकत्त्याच्या पेढ्या बुडाल्या त्यात पैसा गेला, १८३४ मध्ये कॅरी गेला. पुढच्याच वर्षी सरकारने आपलं वजन इंग्रजी शिक्षणाच्या पारड्यात टाकलं आणि बंगालीतून शास्त्रं शिकवण्याचा डाव फिका पडला. डेन्मार्कने साडेबारा लाखांना आपल्या वसाहती इंग्रजांना विकल्या, त्या करारात सनद जपली गेली खरी. पण १८५७ मध्ये कलकत्ता विद्यापीठ निघालं आणि सनदवालं कॉलेज त्याला संलग्न झालं. १८८३ मध्ये कॉलेजचे कलाशाखेचे वर्गच बंद पडले.

१९११ मध्ये कलाशाखा पुन्हा सुरू झाली, तीही कलकत्त्याच्याच छत्राखाली. सनदेखालच्या पहिल्या पदव्या १९१५ साली दिल्या गेल्या. त्या होत्या धर्मशास्त्राच्या. १९१८ च्या बंगालच्या कायद्याने सगळं नीट बांधून दिलं. म्हणून आज एकाच नावाखाली दोन संसार चालतात. देशभरातल्या धर्मविद्यालयांतला विद्यार्थी कधी श्रीरामपुरात न येताही श्रीरामपूरची पदवी घेऊ शकतो. आणि हुगळीकाठच्या त्या खांबांच्या इमारतीत तीन वर्षं रसायनशास्त्र शिकलेल्या मुलीच्या पदवीपत्रावर नाव असतं ते कलकत्ता विद्यापीठाचं.