बाहेरून आणा!

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ज्याने रात्र काढली आहे, त्याला एक चिठ्ठी चांगलीच ओळखीची असते. कागदाच्या तुकड्यावर दोन औषधांची नावे आणि खाली दोनच शब्द : ‘बाहेरून आणा’. काही वर्षांपूर्वी आमचे मामा एका जिल्हा रुग्णालयात दाखल होते, तेव्हा अशी चिठ्ठी माझ्याही हाती पडली. सिस्टर ओशाळून म्हणाल्या, ‘‘दादा, पुरवठाच आलेला नाही हो. आम्ही तरी काय करणार?’’ फाटकासमोरच्या मेडिकलमध्ये माझ्यापुढे एक आजीबाई उभ्या होत्या. त्यांनी कनवटीची गाठ सोडून पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, ‘‘एवढ्यात बसंल तेवढंच दे बाबा.’’

पुरवठा आला नाही, म्हणजे नेमके काय झाले? डॉक्टर बेफिकीर, कर्मचारी चोर, असे निकाल आपण घरबसल्या देऊन टाकतो. पण खरी गोम पुष्कळदा एका नीरस कागदात असते. त्याचे नाव दरकरार. सरकार निविदा मागवते, कमीत कमी दर देणारा पुरवठादार ठरतो आणि करार चालू असेपर्यंत त्याच दराने माल देण्याचे तो कबूल करतो. उशीर झाला तर दंड, माल निकृष्ट निघाला तर काळी यादी, ही सगळी कलमे करारात असतात. निविदा उघडण्याच्या दिवशी केवढी धामधूम! नंतर त्या कराराकडे कोण बघतो?

मामांच्या निमित्ताने त्या रुग्णालयाच्या भांडारपालांशी ओळख झाली. भला माणूस. त्यांनी समजावून सांगितले, ‘‘मागणी कधी नोंदवली ते एका फायलीत, माल कधी आला ते माझ्या नोंदवहीत आणि बिल कधी निघालं ते लेखा शाखेत. या तीन तारखा एका जागी आल्या तर दंड लागेल ना!’’ उलट बाजूही त्यांनीच दाखवली. बिल महिनोन्‌महिने अडकले की पुरवठादार पुढचा माल रोखतो आणि पुढच्या निविदेत व्याजासकट दर लावतो. छोटा, प्रामाणिक कारखानदार तर फिरकतच नाही.

नुसता कमी दर पाहण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी किती ठिसूळ होती, ते उघड झाले. बाटली कुठून आली आणि कोणी तपासली, हे प्रश्न ती रुग्णाला देण्याआधी विचारायचे असतात!

तामिळनाडूने हे प्रश्न वेळेवर विचारण्याची सोय केली. १९९४ मध्ये तिथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारून ती संगणकांनी जोडण्यात आली. माल गोदामात आला की नमुने निघतात. त्यांच्यावरचे कंपनीचे नाव काढून नुसता सांकेतिक क्रमांक घालतात आणि मग ते प्रयोगशाळेकडे जातात. नमुना कोणाचा, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नाही! तपासणीत उतरल्याशिवाय माल रुग्णालयाकडे जात नाही. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक. वर्षाची रक्कम त्यात जमा आणि उचललेल्या औषधांची किंमत वजा. आमच्या मते यातली खरी करामत यंत्राची नाहीच. साठा, तपासणी आणि पैसे हे तीन धागे तिथे एका गाठीत बांधले गेले. संगणक ती गाठ सुटू देत नाही, एवढेच.

पुढे राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना सुरू केली, तेव्हा ‘ई-औषधी’ ही संगणक प्रणाली कामाला लावली. ती तयार केली सी-डॅकने. म्हणजे मुख्यालय आपल्या पुण्यातच! महाराष्ट्रातही ही प्रणाली आली. परंतु आपल्याकडे यंत्रापेक्षा घरमालकच जास्त वेळा बदलले. २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपवले आणि २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले. घर बदलताना भांडी हरवतात, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. जुने करार, अर्धवट पुरवठे, थकलेली बिले यांचा हिशेब नव्या घरी नीट लागला नाही, तर नवा संगणकही कोऱ्या पाटीवरच बसणार.

गेल्या वर्षी त्या भांडारपालांची पुन्हा गाठ पडली. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते. टेबलावर संगणक आला होता, वर स्वच्छ रुमाल घातलेला. ‘‘आता तीन तारखा एका जागी दिसतात?’’ मी विचारले. ते हसले. ‘‘दिसतात की! पण नोंदी करणारा मुलगा दोन रुग्णालयांत मिळून एकच. तो येतो शनिवारी. तोवर सोमवारी संपलेलं इंजेक्शनही पडद्यावर शिल्लकच असतं.’’

बोलता बोलता एक सिस्टर आत आल्या. कपाटात डोकावल्या, मान हलवली आणि खिशातून पेन काढून कोरा कागद शोधू लागल्या.