दोन सेंटिमीटरचा दंडक मोडला

शिश्नाचा कर्करोग म्हटला की गाठीपासून दोन सेंटिमीटर निरोगी भागासह कापायचं, हा शल्यचिकित्सकांचा जुना दंडक. एवढ्याशा अवयवात दोन सेंटिमीटर म्हणजे किती, हे सांगायला नको! आता काही मिलिमीटरही पुरतात.

रोग वरवरचा असेल तर शिश्नमुंडाची त्वचाच सोलून काढतात. खोल गेला असेल तर मुंड. मग मांडीवरून त्वचेचा पातळ पापुद्रा घेऊन उघड्या टोकावर गोधडीसारखा टाके घालून शिवतात. खाली रक्त साचलं तर पापुद्रा धरत नाही, म्हणून घट्ट ड्रेसिंग, कॅथेटर आणि काही दिवस विश्रांती. बहुतेकांना पुढे उभ्यानं लघवी करता येते, ताठरताही टिकते. संवेदना मात्र कमी होते. लाजेपोटी उशीर केला, तर हे पर्याय हातचे जातात.

अवयव राखल्यास रोग तिथेच उलटण्याचा धोका थोडा वाढतो, पण वेळीच सापडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करता येते. जिवाचा खरा प्रश्न जांघेतल्या लसिकाग्रंथींचा, कारण रोग आधी तिथे पसरतो. त्यांतली पहिली, ‘पहारेकरी’ ग्रंथी तपासण्याची कल्पना पॅराग्वेचे डॉ. रामोन काबान्यास यांनी १९७७मध्ये याच कर्करोगासाठी मांडली. स्तनाच्या कर्करोगात ती नंतर रुळली.